गोंधळ

गोंधळ : महाराष्ट्रातील देवीच्या उपासनेचा एक विधी व तद्‌नुषंगिक लोकनाट्य; तसेच अव्यवस्था, कल्लोळ, घोटाळा वा मनाची संभ्रमित अवस्था या अर्थांनी मराठीत रूढ झालेला शब्द. हे दोन्ही अर्थ आजच्या मराठीत शेजारी शेजारी नांदतात. मराठवाड्यातील एखाद्या घरी ‘आज गोंधळ आहे’ असे म्हटले, तर कुलदेवतेचा कुलाचार आहे असे शेजारीपाजारी समजतात. तेच वाक्य कचेरीत वा सभागृहात उच्चारले, तर कामकाज विस्कटले आहे असा बोध होतो. ज्या विधीत मांडणी, क्रम, वाद्ये, वेष आणि मानपान हे सर्व ठरलेले असते, त्याच विधीचे नाव क्रमाच्या अभावाला मिळावे, ही शब्दार्थाच्या इतिहासातील लक्षणीय घटना आहे. तिचा उलगडा करण्यासाठी शब्दाची व्युत्पत्ती आणि विधीची रचना या दोहोंचा एकत्र विचार करावा लागतो.

शब्दाचे प्रयोग : मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशात (१८३१, दुसरी आवृत्ती १८५७) देवीप्रीत्यर्थ करावयाचा उत्सव आणि लक्षणेने धांदल, अव्यवस्था असे दोन्ही अर्थ नोंदविलेले आहेत. य. रा. दाते व चिं. ग. कर्वे यांनी संपादिलेल्या महाराष्ट्र शब्दकोशातही हीच जोडी आढळते. म्हणजे अव्यवस्था हा अर्थ वृत्तपत्रांच्या भाषेतून आलेला नसून निदान दोन शतके बोलण्यात रुळलेला आहे. त्यावरून गोंधळणे, गोंधळलेला, गोंधळवणे, सावळागोंधळ असे शब्द बनले. ‘गोंधळी’ या नामाचेही दोन अर्थ झाले. एक, हा विधी परंपरेने करणाऱ्या जमातीतील व्यक्ती आणि दुसरा, दंगा करणारा किंवा वेंधळा मनुष्य.

क्रियापदांच्या योजनेवरून अर्थभेद काहीसा स्पष्ट होतो. विधीच्या संदर्भात गोंधळ ‘घातला’ किंवा ‘मांडला’ जातो आणि तो घालणारे घर, त्याचे निमित्त व ज्या देवतेसाठी तो घातला ती देवता ही सर्व ठाऊक असतात. प्रत्यक्ष गायन-नर्तन गोंधळी करीत असले, तरी ‘आम्ही गोंधळ घातला’ असे यजमानच म्हणतो. कारण विधीचे कर्तृत्व त्याचे असते. याउलट अव्यवस्थेच्या अर्थाने गोंधळ बहुधा ‘उडतो’, ‘माजतो’ किंवा ‘होतो’; तेथे कर्ता दिसेनासा होतो. ‘गोंधळ घालणे’ हा एकच प्रयोग दोन्ही अर्थांना समान आहे. मात्र अव्यवस्थेच्या अर्थी वापरल्यास त्यात कर्त्यावर दोषारोप असतो. मूल गोंधळ घालते किंवा सभासद गोंधळ घालतात, असे म्हणताना त्यांना निवेदन करावयाचे असते ते सत्कृत्य नव्हे, उपद्रव होय.

व्युत्पत्ती व पूर्वेतिहास : गोंधळ या शब्दाचा संबंध मध्ययुगीन संगीतग्रंथांत उल्लेखिलेल्या ‘गोंडली’ किंवा ‘गौंडली’ या नृत्यप्रकाराशी जोडला जातो. देवगिरीच्या यादवांच्या आश्रयास असलेल्या शार्ङ्गदेवाने तेराव्या शतकातील आपल्या संगीतरत्नाकर या ग्रंथाच्या नर्तनाध्यायात ह्या प्रकाराचे लक्षण सांगितले आहे. त्यातील नर्तकी नृत्य करता करता स्वतः गाते, हे त्याचे वैशिष्ट्य होय. काकतीय राजा गणपतिदेव याचा सेनापती जाय याने १२५३–५४ च्या सुमारास रचलेल्या नृत्तरत्नावलीत याविषयी एक आख्यायिका आहे. कल्याण या राजधानीत भूतमातेच्या महोत्सवप्रसंगी भिल्ल स्त्रीचा वेष घेऊन नाचणारी व गाणारी एक स्त्री चालुक्य राजा सोमेश्वराने पाहिली आणि प्रसन्न होऊन त्याने गोंडली हा प्रकार निर्माण केला. महाराष्ट्रात भिल्लिणीला ‘गोंडिनी’ म्हणतात, म्हणून त्यास हे नाव पडले, असे तेथे सांगितले आहे. हे कल्याण म्हणजे कर्नाटकातील बीदर जिल्ह्यातील आजचे बसवकल्याण होय. तुळजापूर तेथून फार दूर नाही. भवानीच्या गोंधळाचा आजचा प्रमुख प्रदेश आणि ह्या आख्यायिकेचा प्रदेश यांचे सान्निध्य त्यामुळे अर्थपूर्ण ठरते.

रा. चिं. ढेरे यांनी या उल्लेखांच्या आधारे गोंधळाचे मूळ भूतमातेच्या उपासनेत शोधले आहे. भूतमातेच्या उत्सवात लोक नाना प्रकारची सोंगे घेत, नाचत व गात आणि काही काळ नेहमीचे निर्बंध सैल होत, असे पुराणांतील वर्णनांवरून दिसते. हे मत स्वीकारल्यास गोंधळाच्या पूर्वरूपात मोकळ्या, उसळत्या जल्लोषाचा अंश होता असे म्हणावे लागते व अव्यवस्था हा अर्थ सर्वस्वी परका ठरत नाही. ‘गोंडली’तील ‘ड’चा ‘ध’ कसा झाला, ह्या ध्वनिविषयक प्रश्नामुळे मात्र ही व्युत्पत्ती संभाव्य याच कोटीत ठेवली जाते.

कन्नडमध्येही ‘गोंदल’ हा शब्द असून त्याचा सर्वसाधारण अर्थ संभ्रम, घोटाळा असा आहे आणि अंबाभवानीचा विधी करणाऱ्यांना तेथे ‘गोंदलिग’ म्हणतात. कोकणीतील ‘गोंदळ’ हा शब्दही संभ्रमवाचक आहे. विधी आणि अव्यवस्था हे दोन अर्थ मराठीबरोबरच शेजारच्या भाषेतही जोडीने आढळतात, यावरून हे अर्थांतर जुने असून देवीच्या उपासनाक्षेत्राबरोबर पसरलेले असावे, असे अनुमान करता येते.

गोंधळी परंपरा मात्र आपल्या विधीची उत्पत्ती वेगळ्या रीतीने सांगते. परशुरामाने बेटासुर नावाच्या दैत्याचा वध केला, त्याच्या मस्तकाला तंतू ओवून वाद्य बनविले आणि ते वाजवीत त्याने आपली माता रेणुका हिला वंदन केले. तोच पहिला गोंधळ, अशी ही कथा आहे. तुणतुण्याची उत्पत्तीही याच कथेने सांगितली जाते. कथेचा रोख ध्यानात घेण्याजोगा आहे. गोंधळ्याच्या दृष्टीने गोंधळ हा अव्यवस्था माजविणाऱ्या दैत्याच्या पारिपत्यानंतरचा, व्यवस्था पुन्हा स्थापन झाल्याचा सोहळा आहे.

विधीची रचना : गोंधळाचे काकड्या आणि संबळ्या असे दोन प्रकार मानले जातात. पेटविलेले काकडे घेऊन घरच्या मंडळींनी व भक्तांनी घालावयाचा तो काकड्या गोंधळ आणि परंपरागत गोंधळ्यांकडून संबळाच्या साथीवर करवून घ्यावयाचा तो संबळ्या गोंधळ. विवाह, मुंज, बारसे, नवस फेडणे अशा प्रसंगी गोंधळ घालतात. अनेक कुळांत विवाहानंतर गोंधळ झाल्यावाचून मंगलकार्य पूर्ण झाले असे मानीत नाहीत.

गोंधळाचा आरंभ चौक भरण्याने होतो. स्वच्छ केलेल्या जागी पाट किंवा चौरंग मांडून त्यावर नवे वस्त्र अथवा खण अंथरतात. त्यावर तांदूळ वा गहू पसरून मधोमध कलश ठेवतात. कलशावर विड्याची पाने व नारळ असतो. भोवती सुपाऱ्या, खारका, हळकुंडे व देवांचे टाक मांडतात. चौकावर उसाची किंवा ज्वारीची ताटे उभी करून त्यांचे शेंडे एकत्र बांधतात व त्यांतून फुलांची माळ सोडतात. यजमान दांपत्य पूजा करते, गोंधळ्यांना कुंकू लावते आणि दिवटी पेटविते. दिवटीला तेल घालण्यासाठी बुधली जवळ असते. दिवटी पेटल्याशिवाय गोंधळ सुरू होत नाही आणि विधी चालू असेपर्यंत ती विझू देत नाहीत.

संचात साधारणपणे चार किंवा अधिक गोंधळी असतात. मुख्य गायक हा नाईक. एक जण कंबरेला बांधलेले संबळ काठ्यांनी वाजवितो. संबळ म्हणजे लहानमोठ्या तोंडांची व निरनिराळ्या स्वरांची जोडचर्मवाद्ये होत. दुसरा तुणतुणे व तिसरा झांज धरतो. नाईकाच्या बोलाला झील देणे, आख्यान चालू असता मध्येच प्रश्न विचारून त्याला बोलते करणे आणि विनोद साधणे हे साथीदारांचे काम असते. पायघोळ झगा, डोक्यास पगडी, गळ्यात कवड्यांच्या माळा आणि कपाळी कुंकू असा त्यांचा वेष असतो.

सादरीकरणाचे पूर्वरंग आणि उत्तररंग असे दोन भाग पडतात. पूर्वरंगात प्रथम गणेशाचे स्तवन होते. त्यानंतर देवतांना आवाहन करतात. एकेका क्षेत्राचे व तेथील देवतेचे नाव घेऊन तिला गोंधळास येण्याची विनंती केली जाते. तुळजापूरची भवानी, माहूरची रेणुका, कोल्हापूरची अंबाबाई, वणीची सप्तशृंगी, अंबेजोगाईची योगेश्वरी, जेजुरीचा खंडोबा, पंढरपूरचा विठोबा, परळीचा वैजनाथ आणि शेवटी यजमानाच्या गावातील ग्रामदैवते अशी ही नामावळी असते. कोणाचे नाव विसरले जाऊ नये याची दक्षता घेतात, कारण वगळलेली देवता रुष्ट होते अशी समजूत आहे. मग देवीची स्तवने व जोगवा होतो. उत्तररंगात एखादे आख्यान लावतात. पौराणिक आख्यानांत हरिश्चंद्र, चिलया बाळ, अंबरीष यांच्या कथा विशेष प्रचलित आहेत. द्रौपदीच्या मनात कर्णाविषयी असलेली अभिलाषा प्रकट करणारे जांभूळ आख्यान हे गोंधळ्यांच्या भांडारातील एक नाट्यपूर्ण आख्यान असून शाहीर विठ्ठल उमप (१९३१–२०१०) यांनी ते नागर रंगभूमीवर लोकप्रिय केले. आख्यानानंतर आरती होऊन आवाहन केलेल्या देवतांना निरोप देतात व गोंधळ उतरतो.

खंडोबाच्या उपासनेतील जागरण आणि देवीचा गोंधळ हे वस्तुतः वेगळे विधी होत. जागरणाचे अधिकारी वाघ्या-मुरळी असतात. अनेक कुळांत दोन्ही दैवतांचा कुलाचार असल्याने ‘जागरण-गोंधळ’ असा जोडशब्द रूढ झाला आहे.

गोंधळी : परंपरेने गोंधळ्यांचे रेणुराई व कदमराई असे दोन मुख्य भेद सांगितले जातात. माहूरच्या रेणुकेचे उपासक ते रेणुराई आणि तुळजापूरच्या भवानीचे उपासक ते कदमराई. महाराष्ट्र शासनाच्या सूचीत गोंधळी ही जमात भटक्या जमातींत समाविष्ट आहे. घराघरांशी बांधलेले यजमानपद आणि ठरावीक गावांतून फिरणे या दोहोंवर तिची उपजीविका पूर्वी अवलंबून असे.

गोंधळ्यांच्या कौशल्याचा एक विशेष म्हणजे करपल्लवी आणि नेत्रपल्लवी या सांकेतिक भाषा. करपल्लवीत बोटांच्या व हाताच्या खुणांनी अक्षरे सुचवितात. नेत्रपल्लवीत तेच काम डोळ्यांच्या हालचालींनी साधतात. श्रोत्यांपैकी कोणी एका गोंधळ्याच्या कानात एखादे नाव सांगावे, त्याने एकही शब्द न उच्चारता खुणा कराव्यात आणि दूर उभ्या असलेल्या साथीदाराने ते नाव मोठ्याने सांगावे, असा हा प्रकार असतो. प्रेक्षकांना तो दैवी चमत्कार वाटतो. वस्तुतः तो पिढ्यानुपिढ्या जतन केलेल्या काटेकोर संकेतव्यवस्थेचा परिणाम आहे. संबळाच्या गजरात चाललेली ही निःशब्द देवघेव गोंधळाच्या अंतर्गत शिस्तीचा उत्तम पुरावा होय.

पोवाड्याच्या इतिहासातही गोंधळ्यांना महत्त्वाचे स्थान आहे. अफझलखानाच्या वधावरील अज्ञानदासाचा आणि सिंहगडाच्या युद्धावरील तुळशीदासाचा हे शिवकालीन पोवाडे गोंधळ्यांनी मौखिक परंपरेने टिकविले. हॅरी अरबथनॉट ॲक्वर्थ आणि शंकर तुकाराम शाळिग्राम यांनी १८९१ मध्ये ऐतिहासिक पोवाड्यांचा संग्रह प्रसिद्ध केला, तेव्हा त्यांतील बराच भाग गोंधळ्यांच्या तोंडून मिळविला होता. मराठ्यांच्या इतिहासाचे हे साधन ज्यांनी राखले त्यांचेच नाव पुढे विस्मरण व घोटाळा यांचे द्योतक व्हावे, ह्यातील विसंगती उघड आहे.

अर्थांतराची कारणे : विधिवाचक शब्दाला अव्यवस्थेचा अर्थ येण्याची निरनिराळी कारणे संभवतात. पहिले कारण ध्वनीचे आहे. संबळाचा स्वर तीव्र व दूरवर जाणारा असून त्यात झांज, तुणतुणे आणि देवीच्या नावाचा उदोकार मिसळतो. गोंधळ रात्रभर चालत असल्याने त्याचा नाद शेजारच्या आळीपर्यंत व गावापर्यंत पोहोचे. विधी न पाहता केवळ ऐकणाऱ्याच्या कानी पडे तो कल्लोळच. दुसरे कारण दृश्याचे आहे. दिवट्यांचा हलता उजेड, नाचणारे गोंधळी, दाटीने बसलेली मंडळी, अंगात आलेल्या व्यक्ती आणि एकाच चौकावर पाचारण केलेल्या अनेक देवता यांमुळे अपरिचिताला त्यात सूत्र दिसत नाही. तिसरे कारण भूतमातेच्या उत्सवाशी असलेल्या संभाव्य प्राचीन संबंधाचे. त्याचा निर्देश वर आला आहे.

चौथे कारण सामाजिक आहे. मराठीत लोकरंजनाच्या व लोकोपासनेच्या अनेक प्रकारांची नावे निंदाव्यंजक झालेली आढळतात. तमाशा म्हणजे फजितीचा देखावा, शिमगा म्हणजे शिवीगाळ, भारूड म्हणजे कंटाळवाणे लांबण, पोवाडा म्हणजे अवास्तव स्तुती, पुराण म्हणजे न संपणारे बोलणे असे लाक्षणिक अर्थ सर्वपरिचित आहेत. यांपैकी बहुतेक प्रकार बहुजनसमाजाच्या चावडीवर, अंगणात वा जत्रेत वाढलेले आहेत. त्यांत सहभागी होणाऱ्यांपेक्षा त्यांच्याकडे दुरून पाहणाऱ्यांचा दृष्टिकोन शब्दार्थात उमटला, असे या उदाहरणमालेवरून म्हणता येते. कोणत्याही समाजात अव्यवस्था हा शब्द बहुधा दुसऱ्याच्या व्यवस्थेला लावला जातो; गोंधळ हे त्याचे ठळक उदाहरण होय.

तथापि सर्वच जाणत्यांनी हा दृष्टिकोन बाळगला नाही. पैठणच्या एकनाथांनी (१५३३–९९) आपल्या भारुडांत गोंधळ, जोगवा यांची रूपके योजून त्यांतून अध्यात्मबोध केला. चौक, दिवटी, संबळ अशा प्रत्येक उपकरणाला ज्ञान-भक्तीचा अर्थ देता येतो तो त्या विधीची रचना निश्चित असते म्हणूनच. ज्याला घटक नाहीत व क्रम नाही, त्याचे सांगोपांग रूपक होऊ शकत नाही.

समानार्थक शब्द : अव्यवस्थेचे इतर मराठी शब्द पाहता त्यांत गोंधळाचे स्थान स्वतंत्र आहे. ‘अराजक’ हा संस्कृत शब्द राजा नसलेल्या देशाची स्थिती सांगतो. दशरथाच्या मृत्यूनंतर राजाविना राष्ट्राची कशी दुर्दशा होते याचे विस्तृत वर्णन वाल्मीकिरामायणाच्या अयोध्याकांडात आहे. ‘भाऊगर्दी’ हा शब्द पानिपतच्या रणातील (१७६१) सदाशिवराव भाऊच्या सैन्याची अखेरची दाणादाण सुचवितो. ‘अनागोंदी’ हा शब्द विजयनगरच्या परिसरातील आनेगोंदी या ठाण्याच्या नावाशी जोडला जातो. ‘मोगलाई’ हे मुळात प्रदेशाचे नाव. दख्खनमधील मोगलांच्या व पुढे निजामाच्या ताब्यातील मुलखाला स्वराज्यातील लोक मोगलाई म्हणत आणि त्यावरूनच बेबंद कारभार असा अर्थ निघाला. तेलगावसह सर्व बीड जिल्हा सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. म्हणजे पुण्याच्या बोलीत जे अव्यवस्थेचे नाव होते, तो येथील लोकांच्या घराचा पत्ता होता. हे सर्व शब्द राज्यसंस्थेच्या विघटनातून वा परकीय राज्याविषयीच्या धारणेतून आलेले आहेत. गोंधळ हा मात्र घरातून, कुलाचारातून आलेला शब्द आहे. म्हणूनच तो राज्याच्या दुरवस्थेपासून कपाटातील पसाऱ्यापर्यंत आणि मनाच्या द्विधा अवस्थेपर्यंत सर्वत्र चालतो आणि त्यात अराजकाची भीषणता नसते.

इंग्रजीतील समांतर शब्द : अव्यवस्थावाचक इंग्रजी शब्दांच्या इतिहासातही असेच स्थित्यंतर दिसते. ‘केऑस’ हा मूळ ग्रीक शब्द. हीसिअडच्या थिऑगनी या काव्यात तो सृष्टीच्या प्रारंभीची आ वासलेली पोकळी दर्शवितो. तेथे घोटाळ्याची कल्पना नाही. रोमन कवी ऑव्हिड याने मेटॅमॉर्फसिसमध्ये त्याचे वर्णन असंस्कारित, सरमिसळ झालेले द्रव्य असे केले आणि त्या वाटेने इंग्रजीत पूर्ण अव्यवस्था हा अर्थ स्थिरावला. सतराव्या शतकात बेल्जियन रसायनज्ञ व्हान हेल्माँट याने ‘गॅस’ ही संज्ञा ह्याच शब्दावरून बनविली. ‘बेडलम’ हा बेथलीएम या पवित्र नामाचा अपभ्रंश असून १२४७ मध्ये लंडनमध्ये स्थापन झालेल्या त्या नावाच्या मठाचे पुढे मनोरुग्णालय झाले व त्यावरून बेसुमार कोलाहल असा अर्थ आला. ‘पँडिमोनियम’ हा जॉन मिल्टनने पॅरडाइज लॉस्ट (१६६७) या महाकाव्यात घडविलेला शब्द. तेथे ते सर्व दानवांच्या सभागृहाचे, म्हणजे एका रीतसर भरलेल्या परिषदेच्या स्थानाचे, नाव आहे. धर्माशी निगडित मूळ आणि बाहेरून ऐकू येणारा कोलाहल या दोन बाबतींत बेडलम हा शब्द गोंधळाच्या सर्वांत जवळ येतो.

केऑस या शब्दाला विसाव्या शतकात पुन्हा नवे वळण मिळाले. हवामानाच्या गणिती प्रतिकृतीचा अभ्यास करताना एडवर्ड लॉरेन्झ या अमेरिकन शास्त्रज्ञाला १९६३ मध्ये असे आढळले, की निश्चित नियमांनी चालणाऱ्या प्रणालीतही आरंभस्थितीतील अत्यल्प फरकामुळे पुढील वर्तन अनुमानापलीकडे जाते. ली आणि यॉर्क यांच्या १९७५ च्या निबंधापासून अशा वर्तनासाठी केऑस ही संज्ञा गणितात रूढ झाली. या पारिभाषिक अर्थाने ती नियमांचा अभाव दर्शवीत नाही. नियम असूनही पाहणाऱ्याला अनियमित दिसणारे वर्तन दर्शविते. व्यवहारातील अव्यवस्था आणि दृष्टीस न पडणारी व्यवस्था यांतील हा विवेक गोंधळ या शब्दालाही लागू पडतो.

सद्यःस्थिती : गोंधळाची परंपरा आज मराठवाड्यात व पश्चिम महाराष्ट्रात टिकून असली, तरी तिचे स्वरूप आक्रसले आहे. तेलगाव हे बीड जिल्ह्यातील गाव सहकारी साखर कारखान्यामुळे परिचित आहे. योगेश्वरीचे अंबेजोगाई आणि वैजनाथाची परळी ही आवाहनात नाव घेतली जाणारी दोन्ही क्षेत्रे ह्याच जिल्ह्यात आहेत. जिल्ह्यातील असंख्य कुटुंबे दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकात जातात आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीस परततात. परतल्यानंतरच्या मोजक्या आठवड्यांत लग्ने, नवस व कुलाचार उरकावे लागतात. त्यामुळे एके काळी रात्रभर चालणारा गोंधळ पुष्कळदा काही तासांतच आटोपतो. आवाहन, जोगवा व आरती राहतात, आख्यान गळते. आख्याने गळाली की ती मुखोद्‌गत असणारे नाईकही उणावतात, कारण ऐकणाराच नसेल तर शिकण्याचे प्रयोजन उरत नाही. ध्वनिक्षेपक व ध्वनिमुद्रित गीते यांनीही संचाचे काम काही ठिकाणी घेतले आहे. शिक्षणामुळे गोंधळी कुटुंबांतील तरुण अन्य व्यवसायांत जात आहेत, हे त्यांच्या हिताचेच आहे. परंतु करपल्लवीसारखी विद्या त्यांच्याबरोबर लोप पावण्याचा संभव आहे.

दुसरीकडे विधीचे नाव सार्वजनिक जीवनात नव्या रीतीने वापरले जाऊ लागले आहे. मागण्यांकडे शासनाचे लक्ष वेधण्यासाठी कचेऱ्यांसमोर जागरण-गोंधळ घालण्याची प्रथा महाराष्ट्रात पडली आहे. मराठा आरक्षणाच्या आंदोलनाच्या दुसऱ्या टप्प्याचा प्रारंभ जून २०१८ मध्ये तुळजापूर येथे अशाच जागरण-गोंधळाने झाला. अशा प्रसंगी शब्दाचे दोन्ही अर्थ एकत्र येतात. आंदोलक देवीला जागे करण्याच्या विधीने राज्यकर्त्यांना जागे करू पाहतात, तर कायदा व सुव्यवस्था राखणाऱ्या यंत्रणेला त्यातून दुसरा गोंधळ उद्‌भवण्याची चिंता असते.

अव्यवस्था हा अर्थ आता भाषेतून निघून जाणे शक्य नाही आणि तसा आग्रह धरण्याचे कारणही नाही. शब्द वापराने घडतात. मात्र नागर मराठीत गोंधळाचा हाच एक अर्थ उरला, तर चौक मांडणाऱ्या, दिवटी सांभाळणाऱ्या आणि प्रत्येक क्षेत्राच्या देवतेचे नाव न चुकता घेणाऱ्या एका परंपरेचा पुरावा शब्दकोशापुरताच राहील. गोंधळ हा शब्द समजून घेण्याची वाट अजून तरी त्या विधीतूनच जाते.